पाण्याखालचे छायाचित्रण आणि आमचे पाणी

आमच्या महाविद्यालयात गेल्या वर्षी छायाचित्रणाचे एक दिवसाचे शिबिर झाले. बाहेरून आलेल्या एका छायाचित्रकाराने समुद्राखाली टिपलेली आपली चित्रे पडद्यावर दाखवली. चित्रे चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. प्रवाळाच्या झुडपातून डोकावणारा मासा, वरून झिरपत येणारा उजेड, कासवाचा सुरकुतलेला डोळा. मुले भारावून गेली होती. समारोपात ते गृहस्थ म्हणाले, “पाण्याखाली गेलं की जात, धर्म, पैसा सगळं विरघळून जातं. तिथे उरतो फक्त माणूस आणि निसर्ग.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते आणि आभार मानणाऱ्याने वाद घालायचा नसतो, असा आपल्या सभांचा शिष्टाचार आहे. तो राहून गेलेला वाद येथे घालतो.

मी मराठी शिकवतो. छायाचित्रणातला जाणकार नाही. परंतु पाण्याखाली जाणारी माणसे मी घरातच पाहिली आहेत. १९७२ च्या दुष्काळात आजोबा मराठवाड्यातून पिंपरीला आले तेव्हा माझे वडील (त्यांना आम्ही दादा म्हणतो) दहा-बारा वर्षांचे होते. पुढे ते एका नगरसंस्थेच्या ड्रेनेज खात्यात बिगारी म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी निवृत्त झाले. तुंबलेले चेंबर मोकळे करणे हे त्यांचे काम. घरातली पहिली पदवी माझी. धाकटा भाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या लाइनवरची दहा-बारा पोरे टेम्पो ट्रॅव्हलर करून मालवणला गेली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करून आली. येताना भावाने मोबाइलमध्ये दीड मिनिटाची चित्रफीत आणली. तो पाण्याखाली आहे, काचेच्या मुखवट्याआड डोळे ताणलेले, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे.

दादांनी ती फीत तीन वेळा पाहिली. मग विचारले, “हवा कुठनं येती?” भावाने पाठीवरची टाकी दाखवली. “वर दोरी कुणाच्या हातात व्हती?” दोरी नव्हती. नंतर बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, “डोळं उघडं ठिवलं व्हतंस व्हय रं आत?”

पाण्याखालच्या छायाचित्रणाविषयी मी इंग्रजीतून जे थोडेफार वाचले, त्यात इतके नेमके प्रश्न विचारणारा समीक्षक मला भेटला नाही.

आधी भावाच्या फितीविषयी लिहितो, कारण ही कला आपल्या माणसांपर्यंत पोहोचली ती याच रूपात. प्रस्थापित जाणकार तिला कला म्हणणार नाहीत. तिचे संकेत ठरलेले आहेत. पाहुण्याने अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ठीक आहे’ अशी खूण करायची, पावाचा चुरा सोडून मासे गोळा करायचे, शेवटी हात हलवायचा. वर आल्यावर त्यावर एखादे हिंदी गाणे चढवून मिळते. जत्रेतल्या फोटो स्टुडिओची ही पुढची पिढी आहे. आमच्या आजोबांचा असा एक फोटो घरात आहे. रंगवलेल्या पडद्यापुढे लाकडी मोटारीत ते ताठ बसले आहेत. आयुष्यात मोटार मिळणार नाही हे ठाऊक असलेला माणूस फोटोपुरता मोटारीत बसतो; त्याला हसणारे सौंदर्यशास्त्र मला मान्य नाही. चाकणच्या लाइनवर आठ तास एकच बोल्ट आवळणाऱ्या पोराने दीड मिनिट माशांत उभे राहावे आणि ते चार जणांना दाखवावे, यात मला हास्यास्पद काही दिसत नाही.

या फितीचा छायाचित्रकार कोण? मालवणचा एक मच्छीमाराच्या घरातला पोरगा. त्याच्या सोबत्याने भावाची टाकी मागून धरली होती आणि हा समोरून उलटा पोहत कॅमेरा सांभाळत होता. असे दिवसातून कितीतरी पाहुणे. फितीवर त्याचे नाव नाही. कोपऱ्यातून एकदा त्याचा हात आत येतो आणि भावाचा सुटू पाहणारा मुखवटा दाबून बसवतो. तेवढीच त्याची सही. (मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. अशा समुद्रात माशांना पाव चारायची सवय लावणे वाईट, हेही नोंदवून ठेवतो.)

भावाला पोहता येत नाही. मलाही येत नाही. दादांना येत नाही. एकतीस वर्षे पाण्यात उतरायची नोकरी केली, पण पोहता येते का, असे भरतीच्या वेळी त्यांना कुणी विचारले नव्हते. मराठी ललित साहित्यात विहिरीत पोहायला शिकल्याच्या आठवणींना तोटा नाही. पाठीला बांधलेला भोपळा, काठावरून ढकलून देणारे काका, मग सूर आणि मुटके. वर्गात असा उतारा शिकवताना मागच्या बाकांवरची काही मुले माना खाली घालून ऐकतात, ती मला ओळखू येतात. आमच्या गावच्या विहिरीचे पाणी आजीच्या घागरीत दुसऱ्याने वरून ओतायचे असे. ज्याला पाण्याच्या वरच्या थराला हात लावायची बंदी, त्याला तळ कसा ठाऊक असणार?

येथे एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. पाण्याखाली टिपलेली पहिली रंगीत छायाचित्रे अमेरिकेच्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने १९२७ च्या जानेवारीत छापली. प्राणिशास्त्रज्ञ विल्यम लाँग्ली आणि छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी ती आदल्या वर्षी फ्लोरिडाजवळच्या ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी काढली होती. पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची, त्या लखलखाटात खालचा मासा टिपायचा, असा तो खटाटोप. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. तिकडे माशाचा खरा रंग दिसावा म्हणून दारू जाळली जात होती, इकडे माणसाचा हात लागलेले पाणी शुद्ध करायला शेणगोमुत्राच्या घागरी ओतल्या गेल्या. चवदार तळ्याच्या तळाशी काय आहे याची चिंता महाडच्या सनातन्यांना कधी नव्हती. तळ्यात जनावरे उतरत होती, तेही त्यांना चालत होते. त्यांचे सगळे धर्मशास्त्र पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत होते. हा निवाडा न्यायालयात पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. ‘जात विरघळते’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला ही दहा वर्षे ठाऊक असायला हवीत.

आता हवेचा प्रश्न. पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पहिला मोठा माणूस म्हणजे फ्रान्सचा जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ. १८९३ साली भूमध्य समुद्राच्या काठी बान्युल्स येथे त्याने पाण्याखाली कॅमेरा नेला. कॅमेऱ्याची जलाभेद्य पेटी त्याच्या अभियंता भावाने, ऑग्युस्तने, तयार करून दिली होती. १८९९ साली त्याने पाणबुड्याच्या पोशाखातल्या एमिल राकोवित्सा या शास्त्रज्ञाचे पाण्याखाली छायाचित्र घेतले. माणसाचे पाण्याखालचे हे पहिलेच व्यक्तिचित्र मानतात. राकोवित्साच्या हातात ‘पाण्याखालचे छायाचित्रण’ असे फ्रेंचमध्ये लिहिलेला फलक आहे. म्हणजे ‘मी येथे आहे’ ही खूण मालवणच्या पोरांनी काढलेली नव्हे, ती या कलेच्या जन्मापासूनची आहे. परंतु त्या काळच्या जड शिरस्त्राणाच्या पोशाखात हवा खाली जायची ती नळीतून, आणि नळीला हवा द्यायला वर होडीत माणसे पंपाचा दांडा फिरवत उभी असत. त्यांचा हात थांबला की खालचा श्वास थांबला. त्या चित्रात होडी नाही, पंप नाही, दांडा फिरवणारे नाहीत. ‘फक्त माणूस आणि निसर्ग’ हे विधान येथेच खोटे ठरते. पाण्याखाली एकटा असा कुणी नसतोच. पाठीवर टाकी आली तेव्हा पंपावरचे हात टाकी भरण्याच्या यंत्राकडे गेले, इतकेच. (टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो असे भाऊही सांगतो. त्यात असते ती दाबून भरलेली साधी हवा, तुमच्या-माझ्या नाकातली.)

दादांचा पहिला प्रश्न हवेचा होता, कारण त्यांच्या धंद्यात हवाच माणूस मारते. चेंबरचे झाकण उघडून अर्धा तास ठेवायचे, मग उतरायचे. गटारातला वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की नाकाची शक्तीच मरते आणि वास गेला, असे वाटते. वास गेला तेव्हाच पळायचे, हे त्यांना एका वयस्कर सोबत्याने शिकवले. नोकरी देणाऱ्यांनी शिकवले नाही.

डोळ्यांच्या प्रश्नापाशी या कलेचे मर्म आहे. पाणी रंग खाते. लाल रंग सर्वांत आधी जातो, पाच-सहा मीटरवर तो मावळू लागतो. मग नारिंगी, पिवळा. खोल गेले की सगळे निळे. तीस मीटर खोल पाणबुड्याच्या बोटाला कापले तर रक्त हिरवट दिसते. म्हणून छायाचित्रकार आपला उजेड बरोबर घेऊन जातो आणि प्रवाळाचा लाल त्या उजेडात पहिल्यांदाच लाल होतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंधारात पडलेल्या वस्तूला तिचा रंग असतो, तो दिसायला कुणीतरी दिवा घेऊन खाली जावे लागते. आमच्या पहिल्या पिढीच्या लेखकांनी वेगळे काय केले?

पण या दिव्याची एक अट आहे. पाणी नितळ हवे. पाण्यात गाळाचे कण असले की दिव्याचा उजेड त्यांच्यावर आपटून उलट येतो आणि चित्रभर पांढरे ठिपके पडतात. या कलेच्या व्याकरणात तो दोष आहे. दोष टाळायचा म्हणजे नितळ पाणी शोधायचे; त्यासाठी विमानाने जायचे, बेट गाठायचे. असे करता करता कलेने आपले पाणी निवडून घेतले. गढूळ पाणी, पुराचे पाणी, कारखान्याचे पाणी, मैल्याचे पाणी हे तिच्या कक्षेबाहेर राहिले. आणि नितळ पाणीही तिने फार सौजन्याने वागवले असे नाही. झाक-ईव्ह कूस्तो आणि लुई माल यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळाला. त्या चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवतात आणि होडीवरचे लोक शार्क माशांना ओढून घेऊन ठार करतात. मौनाच्या जगात कलावंत सुरुंग घेऊन उतरला होता, हे त्याच्या स्तुतिपाठकांनी सांगितले नाही.

पिंपरी-चिंचवडला तीन नद्या आहेत. पवना, इंद्रायणी, मुळा. एकीतही पाण्याखाली चित्र निघणार नाही. गेल्या काही वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीवर फेसाचे पांढरे थर वाहताना वारकऱ्यांनी पाहिले. त्या फेसाचे वरून काढलेले फोटो देखणे येतात, ही एक भयंकर गोष्ट आहे. याच नदीत वर देहूला तुकोबांच्या वह्या बुडवल्या गेल्या. शूद्राने वेदार्थ सांगू नये म्हणून पाण्याखाली धाडलेले ते शब्द तेरा दिवसांनी कोरडे वर आले, असे म्हणतात. एका विद्यार्थ्याने मला वर्गात विचारले, “सर, वह्या काढायला पाण्यात उतरलं कोण?” वर्ग हसला. मला तो प्रश्न चमत्काराच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठा वाटला.

दादांना आत डोळे उघडता येत नसत. मैल्यात डोके बुडवायची वेळ आली की डोळे-ओठ घट्ट मिटायचे, पायाने चाचपायचे, हाताने दगड, चिंधी, बाटली काढायची. ज्या जागी त्यांनी उमेदीची वर्षे काढली ती जागा त्यांनी पाहिलेलीच नाही. त्यांचा कामावरचा एकही फोटो नाही. त्यांच्याबरोबरचे एकजण १९९८ साली चेंबरमध्ये उतरले ते मेलेलेच वर आले. कागदोपत्री ‘तोल जाऊन पडल्याने’ अशी नोंद झाली. त्यांच्या घरी भिंतीवर जो फोटो आहे तो ओळखपत्रावरचा मोठा करून घेतलेला आहे. गालावर शिक्क्याची अर्धी कड दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ ला निकाल दिला की १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्यावेत. त्यांची बायको कागद घेऊन माझ्याकडे आली. माणूस कामासाठी आत उतरवला होता, याचा पुरावा काय? चेंबरच्या तोंडाशी काढलेले एक चित्र असते तर! २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख केली. वहिनींचा अर्ज अजून नोंदीतल्या त्या तीन शब्दांपाशीच अडलेला आहे. कला की दस्तऐवज, हा कलावाद्यांचा लाडका वाद मी त्या बाईंसमोर घालू शकत नाही.

असे चित्र काढणारा माणूस महाराष्ट्रात होऊन गेला नाही असे मात्र नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रमालिका वर्षानुवर्षे खपून केली. २००५ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या ‘ऑल रोड्स’ उपक्रमात तिची निवड झाली. म्हणजे ज्या संस्थेने १९२७ साली माशाचा रंग छापला तिच्यापर्यंत आमचा माणूस पोहोचायला पाऊणशेवर वर्षे लागली. २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतला छातीपर्यंत मैल्यात उतरलेला माणूस मी डेव्हिड डूबिले यांच्या प्रसिद्ध चित्रांशेजारी ठेवून पाहतो. डूबिले अर्धी काच पाण्यात आणि अर्धी बाहेर ठेवून एकाच चौकटीत वर आकाश आणि खाली समुद्र दाखवतात. पाण्याची रेघ चित्राच्या मधोमध जाते आणि दोन्ही जगे सारखीच लखलखीत असतात. ओलवे यांच्या चित्रातही ती रेघ आहे; ती माणसाच्या छातीवरून जाते. रेघेच्या वर खांदे, मान, चेहरा. रेघेच्या खाली निव्वळ काळे. तो काळा भाग छपाईत उजळून काढलेला नाही. खाली काय आहे ते कॅमेऱ्यालाही कळलेले नाही आणि तसा आव चित्र आणत नाही. आमच्या पाण्याचे आजवरचे सर्वांत खरे चित्र मला हेच वाटते, आणि ते काढणारा पाण्याखाली गेलेला नाही.

येथे एक आक्षेपही नोंदवतो. चेंबरच्या काठावरून खाली रोखलेला कॅमेरा मुकादमाच्या जागी उभा असतो. पाहणाराही नकळत तेथेच उभा राहतो आणि हळहळतो. ओलवे यांना याची जाणीव असावी. ते कामगारांच्या खोल्यांत जाऊन, त्यांच्या बायकापोरांत, त्यांच्या उंचीवर बसूनही चित्रे काढतात, आणि त्या चित्रांशिवाय गटाराची चित्रे पुरी होत नाहीत. मासिकांतून मात्र पुनःपुन्हा गटारच छापले जाते.

ब्रिटिश छायाचित्रकार निक ब्रँट यांची ‘सिंक / राइज’ ही मालिका २०२३ सालची. वाढत्या समुद्रामुळे ज्यांची घरे जाणार त्या दक्षिण पॅसिफिकमधल्या लोकांना त्यांनी फिजीच्या समुद्रात खरोखर पाण्याखाली बसवले. कुणी खुर्चीवर, कुणी सोफ्यावर, मुले सीसॉवर. मासे नाहीत, बुडबुडेही जवळपास नाहीत. माणसे आपल्याच घरात बसावीत तशी समुद्रतळाशी बसली आहेत. पाण्याखालच्या कलेत माणूस पाहुणा न राहता रहिवासी झाला, हे मोठे पाऊल आहे. ती चित्रे मी वर्गात दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत, आणि ते मला आवडले. तरीही मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, पुराचं पाणी इतकं स्वच्छ नसतं.” तिचे घर पवनेच्या काठच्या वस्तीत आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की त्यांची भांडी गाळाने भरतात. बुडणे सुंदर दिसायला पाणी नितळ लागते, आणि ब्रँटसारखा प्रामाणिक कलावंतही या अटीतून सुटलेला नाही, एवढे ती मुलगी एका वाक्यात सांगून गेली.

मॅला हाताने साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. माणसे अजून उतरतात आणि मरतात. केरळमधल्या काही तरुण अभियंत्यांनी २०१८ साली ‘बँडिकूट’ नावाचे चेंबर साफ करणारे यंत्र वापरात आणले. त्याला कॅमेरे आहेत; माणूस वर रस्त्यावर उभा राहून पडद्यावर आतले पाहतो आणि यंत्राचा हात फिरवतो. मोठ्या वाहिन्यांत चाकांवरचे कॅमेरे सोडूनही आता तपासणी करतात. त्या फिती कुणी कला म्हणून काढत नाही. करडा, दाणेदार, डुगडुगता उजेड, कोपऱ्यात मीटरचे आकडे, मध्येच काचेवर घाण बसून सगळे अंधारते.

गेल्या महिन्यात भावाने मोबाइलवर अशी एक फीत शोधून दादांना दाखवली. मीही बाजूला होतो. मालवणची फीत त्यांनी तीन वेळा पाहिली होती. ही किती वेळा पाहिली ते मी मोजले नाही. विटांचे गोल बांधकाम, पाण्याच्या रेघेचा हिरवट पट्टा, एका अंगाने येणारी वाहिनी. दादांनी चष्मा पुसला आणि मोबाइल जवळ धरला. “हे असं असतं व्हय,” ते म्हणाले. मग काचेवर बोट ठेवून त्यांनी भावाला विटेचा बाहेर आलेला एक कोपरा दाखवला. “इथं डावा पाय ठिवायचा. उजवा न्हाई. उजव्याच्या खाली वीट नसती.”